वळणावर गाडी जखडते? आधी निदान, मग पाना

गोंदिया जिल्ह्यात चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. नवेगाव-नागझिऱ्याच्या पर्यटनातील जिप्सी, लिलावात घेऊन दुरुस्त केलेल्या जुन्या जीप, बोलेरो कॅम्पर, आणि अलीकडे थार व जिम्नी. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, तरी जंगलाच्या वाटेवर ती अजून धावते आहे. म्हणून गॅरेज लाईनमधील तरुणांनी या गाड्यांचा एक नेहमीचा दोष, आणि कधीकधी दोष नसलेला दोष, नीट समजून घेतला पाहिजे.

ग्राहक येतो आणि सांगतो, "उस्ताद, सरळ रस्त्यावर गाडी छान चालते. पण पेट्रोल पंपावर किंवा बाजारात पूर्ण स्टिअरिंग कापले की कोणी मागून धरून ठेवल्यासारखी जखडते, हिसके देते, टायर किरकिरतात." येथे घाईचा मेकॅनिक थेट गिअरबॉक्स उतरवतो. दोन दिवस जातात, ग्राहकाचे हजारो रुपये खर्च होतात, आणि गाडी पुन्हा तशीच जखडते. पैसा ग्राहकाचा जातो, पण नाव मेकॅनिकचे जाते.

गाडी का जखडते?

वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून. एक हिशेब करून पाहू. पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील अंतर २.४ मीटर आहे आणि मागच्या धुऱ्याचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो असे धरा. मग पुढच्या धुऱ्याचा मध्य सुमारे ५.५५ मीटर त्रिज्येवर फिरेल. अर्धे वळण घेताना मागचा धुरा १५.७ मीटर जातो आणि पुढचा १७.४ मीटर. फरक १.७ मीटरचा, म्हणजे चाकाच्या जवळजवळ पाऊण फेरीचा.

एकाच धुऱ्यावरील डाव्या-उजव्या चाकांतील फरक डिफरन्शियल सांभाळते. पण पुढच्या-मागच्या धुऱ्यांतील फरक कोण सांभाळणार? जिप्सी, जुनी जीप, बोलेरो, जिम्नी यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधले डिफरन्शियल नसते. लिव्हर 'फोर-एच'वर टाकला की पुढचा व मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात. चिखलात किंवा मुरमावर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर किंवा सिमेंट रस्त्यावर चाके घसरत नाहीत, म्हणून शाफ्टांना पीळ बसतो. हाच पीळ ग्राहकाला "जखडणे" वाटतो. चिखलातून निघालेली गाडी लिव्हर तसाच ठेवून राष्ट्रीय महामार्ग ५३ वर कोहमाऱ्यापर्यंत आणली, तर तेथे वळताना ती जखडणारच. हा बिघाड नव्हे, चालवण्याची चूक आहे.

तपासणीचा क्रम

१) आधी विचारा. जखडते तेव्हा लिव्हर कुठे असतो? नेहमी जखडते की पाऊस-चिखलातून आल्यावर? टायर केव्हा बदलले? हाउसिंगचे काम कधी झाले का? अर्धे निदान येथेच होते.

२) टायर मोजा. हवा, साइज, कंपनी आणि झीज चारही चाकांत सारखी हवी. मागे नवे टायर ६८ सेंटिमीटर व्यासाचे आणि पुढे झिजलेले ६६.५ सेंटिमीटरचे असतील, तर एका किलोमीटरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे साडेदहा फेऱ्यांचा फरक पडतो. अशी गाडी 'फोर-एच'मध्ये सरळ रस्त्यावरही पीळ घेते.

३) 'टू-एच'वर चालवा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण कापून सावकाश फिरवा, मग क्लच दाबून गाडी तिच्या वेगाने सोडा. सहज घरंगळली तर ठीक. ब्रेक मारल्यासारखी लगेच थांबली तर बांधण आहे. 'टू-एच'मध्ये मोकळी आणि 'फोर-एच'मध्ये जखडलेली, तर यंत्र निर्दोष आहे. ग्राहकाला लिव्हरचा उपयोग समजावून सांगा.

४) 'टू-एच'मध्येही जखडत असेल तर लिव्हर हलला, पण आतला फोर्क हलला नाही, अशी शंका घ्या. लिंकेज, फोर्क आणि स्लीव्ह पाहा. सोबत ब्रेक धरतो का आणि चाकाचे बेअरिंग घट्ट आहे का, तेही पाहा. चाक गरम लागत असेल तर दोष बहुधा ब्रेक किंवा बेअरिंगचा असतो. वळताना "कट-कट" असा ठेक्यात आवाज येत असेल तर पुढच्या शाफ्टचा जॉइंट तपासा. जखडण्यात असा ठेका नसतो, ताण आणि हिसका असतो.

५) जुन्या जीपमध्ये रेशो तपासा. अशा गाडीत पुढचे हाउसिंग एका मॉडेलचे आणि मागचे दुसऱ्याचे बसवलेले असू शकते. त्या धुऱ्याची दोन्ही चाके उचलून भक्कम स्टँडवर ठेवा, गाडी न्यूट्रल करा आणि इंजिन बंद ठेवा. एक चाक धरून दुसरे हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरतो ते मोजा. तोच त्या हाउसिंगचा रेशो. पुढचा-मागचा आकडा जुळला नाही तर 'फोर-एच' वापरताना काही तरी तुटणारच. अशा वेळी जुळणारा क्राऊन-पिनियन संच घालणे हाच उपाय.

सदा चारचाकी गाड्या

काही व्हॅन व मोटारींत चारचाकी जोर आपोआप लागतो. तेथे मधले डिफरन्शियल, व्हिस्कस कपलिंग किंवा क्लचपट्ट्या असतात. अशी गाडी कोरड्या रस्त्यावर वळणात जखडली तर मात्र तो खरा दोष आहे. व्हिस्कस कपलिंगमधील सिलिकॉन द्रव जुना झाला की कपलिंग कायमचे कडक होऊ शकते. होंडा सीआर-व्हीच्या जुन्या चारचाकी मॉडेलांत मागच्या डिफरन्शियलचे खास तेल जुने झाले की वळताना घरघर येते. तेथे सुटे भाग काढण्यापूर्वी कंपनीने सांगितलेलेच तेल बदलून पाहावे. साधे गिअर ऑइल चालत नाही.

दोन सूचना

पीळ बसल्यावर लिव्हर निघत नाही. हातोडी मारू नका. गाडी मातीवर घ्या किंवा सरळ काही फूट मागे घ्या. पीळ सुटतो आणि लिव्हर सहज येतो.

चारचाकी गाडीचे एकच चाक किंवा एकच धुरा उचलून इंजिनाने गिअरमध्ये कधीही फिरवू नका. जमिनीवरच्या चाकांना जोर मिळाला तर गाडी जॅकवरून उडी मारते. यात जीव जाऊ शकतो.

थोडक्यात, विचारणे, टायर मोजणे आणि मैदानात फिरवणे या तीन गोष्टींना अर्धा तासही लागत नाही आणि एक बोल्टही उघडावा लागत नाही. दोष नसेल तर "दोष नाही" असे सांगून तपासणीची योग्य मजुरी तेवढी घ्यावी. त्या दिवशी बिल लहान होईल, पण तोच ग्राहक पुढे चार गाड्या तुमच्या दारात आणील.