वेगळा पाळीव प्राणी निवडताना : गिनीपिगच्या निमित्ताने



चौथी-पाचवीच्या वर्गाला 'माझा पाळीव प्राणी' हा निबंध दिला की बहुतेक वह्यांत कुत्रा आणि मांजरच असतं. अलीकडे मात्र दोन-चार मुलं वेगळं लिहितात. कुणाला कासव हवं असतं, कुणाला हॅमस्टर, कुणाला गिनीपिग. मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो, बस्स! निबंध वहीत राहतो, पण हट्ट घरी जातो. मग पालकसभेत प्रश्न येतो, "बाई, आणायचा का हो? लहानसाच तर आहे."

प्राणी लहान म्हणजे जबाबदारी लहान, हा समज आधी काढून टाकायला हवा.

पहिली गोष्ट कायद्याची. आपला नेहमीचा हिरवा पोपट आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत. "शेजाऱ्यांकडे तर पिंजरा आहे" हे उत्तर होऊ शकत नाही. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते म्हणून स्टार कासव विकत घेणारे लोकही आहेत. ते चोरून पकडलेलं असतं आणि सापडलं तर तुरुंगाची तरतूद आहे, हे मुलांना वर्गातच सांगावं. मुलं घरी जाऊन बरोब्बर सांगतात.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं इवलंसं कासव मूळचं अमेरिकेतलं. आणताना ते नाण्याएवढं असतं, पुढे जेवणाच्या ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं सहज जगतं. इथे एक गणित फळ्यावर जरूर घ्या : आज ९ वर्षांचा असलेला मुलगा हे कासव तीस वर्षांचं होईल तेव्हा किती वर्षांचा असेल? ३९ हे उत्तर आलं की वर्ग हसतो आणि मग गप्प होतो. ज्यांना हे गणित उशिरा सुटतं ते कासव गावच्या तळ्यात सोडून येतात. तिथे ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.

हॅमस्टरचं थोडक्यात सांगते. तो रात्री जागतो, दिवसा झोपतो. शाळेतून आलेलं मूल त्याला उठवतं आणि तो चावतो. आयुष्य दोन-तीन वर्षांचं.

आता गिनीपिग. या सगळ्यांत मला त्यातल्या त्यात मुलांजोगा वाटतो तो हाच. हा डुक्कर नाही आणि गिनी देशातलाही नाही. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात माणसाने हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा कुरतडणारा प्राणी. वजन साधारण एक किलो, आयुष्य पाच ते आठ वर्षं. सहसा चावत नाही. भाजीच्या पिशवीचा आवाज ओळखून शिट्टी मारल्यासारखा ओरडतो, त्याचं मुलांना फार अप्रूप. पिल्लं जन्मतःच डोळे उघडी आणि अंगावर केस असलेली!

विज्ञानाच्या तासालाही त्याचा उपयोग आहे. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग करू शकत नाहीत. १९०७ साली हॉल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी गिनीपिगला नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. माणसाचा हा रोग समजून घ्यायला त्याचा मोठा उपयोग झाला. म्हणून घरच्या गिनीपिगला रोज सिमला मिरचीची फोड, थोडी कोथिंबीर द्यावी लागते. मुख्य अन्न मात्र गवत, ताजं आणि वाळलेलं, दिवसभर पुढ्यात हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. पोळी, बिस्किट, फरसाण अजिबात नको. कांदा, लसूण, बटाटाही नको.

अडचणी आता सांगते. हा कळपातला प्राणी आहे, एकटा ठेवला तर कुढतो. स्वित्झर्लंडमध्ये तर एकटा ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे दोन आणायचे, तेही दोन माद्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, डॉक्टरांकडून तपासून घ्या. महिना-दीड महिन्याची मादीही गाभण राहू शकते आणि मग घरात गोकुळ! दोघांना सात-आठ चौरस फूट जागा लागते. दुकानात मिळणारा पिंजरा बहुधा त्याच्या निम्माही नसतो.

आणि ऊन. हा थंड डोंगरातला प्राणी, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तापमान २८ अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यातला एप्रिल-मे आठवा, त्यात दुपारचं भारनियमन. पत्र्याच्या घरात हा प्राणी उन्हाळा काढू शकणार नाही, आणि हे पालकांना स्पष्ट सांगायला संकोच करू नये. डॉक्टरांचंही तसंच. तालुक्याच्या गावी गाई-म्हशींचे डॉक्टर असतात. पेनिसिलिनसारखं आपल्या ओळखीचं औषध गिनीपिगच्या जिवावर बेतू शकतं. असे लहान प्राणी तपासणारे डॉक्टर जवळपास आहेत का, हे प्राणी आणण्याआधी शोधायचं.

वर्गात मी निबंधाआधी मुलांकडून एक तक्ता भरून घेते : प्राणी किती वर्षं जगतो, काय खातो, कधी जागा असतो, उन्हाळ्यात कुठे राहील, आपण मामाच्या गावाला गेल्यावर कोण बघेल. शेवटच्या रकान्यात हमखास 'आई' लिहिलेलं असतं. तिथे आईची सही आणायला सांगते.

तक्ता भरून ज्यांचं उत्तर 'नाही' येतं, त्यांना मी अंगणातल्या किंवा कुंडीतल्या कढीपत्त्याकडे पाठवते. पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली की जवळ जाऊन बघायचं. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी काही दिवसांत हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगं काढून उग्र वास सोडते. तिला पकडायचं नाही, पान तोडायचं नाही. रोज बघायचं, तारीख घालून चित्र काढायचं. मग कोष आणि एके सकाळी फुलपाखरू. आईला फक्त थोडे दिवस फोडणीला कढीपत्ता कमी घालावा लागतो.