असमतेचे उत्तर आणि सीमेवरची संख्या

मावळ तालुक्यातील लोणावळा नगरपरिषद ‘ब’ वर्गात मोडते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चाळीस हजारांहून अधिक, परंतु एक लाखाहून अधिक नाही, अशी लोकसंख्या असलेले क्षेत्र या वर्गात येते. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ होती. तेव्हा येथे शंकेला जागा नाही. शंका उद्भवते ती सीमेवर. लोकसंख्या नेमकी ४०,००० भरली, तर ‘ब’ वर्ग हुकतो; नेमकी १,००,००० भरली, तर तो टिकतो. ठरावात आपण सहज ‘पर्यंत’ असे लिहून जातो आणि शेवटची संख्या धरावी की सोडावी, याचा वाद सीमेवरच्या लाभार्थीच्या वाट्याला येतो.

कायद्याचे हे वाक्य गणितात दोन कंसांत मावते : (४००००, १०००००]. साधा कंस लगतची संख्या वगळतो, चौकटी कंस तिला सामावून घेतो. यालाच अंतराल-लेखन म्हणतात. (हजार-लाखांचे स्वल्पविराम येथे मुद्दाम गाळले आहेत, अन्यथा दोन संख्यांमधला स्वल्पविराम ओळखू येत नाही.) ‘अ’ वर्ग म्हणजे (१०००००, ∞). अनंत ही गाठता येणारी संख्या नव्हे. तिच्याजवळ नेहमी साधाच कंस.

असमता सोडविताना खरी चूक होते ती चिन्हाची. समजा, गावच्या टाकीत ५०,००० लिटर पाणी आहे, तासाला ३,००० लिटर नळांना सोडले जाते आणि निकडीसाठी किमान ८,००० लिटर राखावयाचे आहे. क्ष तासांनंतर :

५०००० − ३०००क्ष ≥ ८०००
−३०००क्ष ≥ −४२०००
क्ष ≤ १४

ऋण संख्येने भागले की चिन्ह उलटते. तास ऋण नसतात, म्हणून उत्तर [०, १४]. चिन्ह उलटण्यास विसरलेल्या विद्यार्थ्याला [१४, ∞) मिळते, म्हणजे चौदा तासांच्या आत पाणी बंद करू नका, असा उफराटा आदेश! सतरावा तास सरण्यापूर्वीच टाकी कोरडी पडेल. शिक्षकांनी अशा वेळी क्ष = २० घालून पाहावयास सांगावे; शिल्लक ऋण येते आणि चूक आपोआप उघडी पडते.

लोणावळ्याचा पाऊसही वर्गात उपयोगी पडावा. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास ‘जोरदार’ आणि ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसास ‘अति जोरदार’ मानतो. मग ११५.५५ कोठे बसवावे? नोंद एका दशांश स्थळापर्यंतच होत असल्याने व्यवहारात अडचण येत नाही. संख्यारेषेवर मात्र तेथे पोकळी राहते. ती बुजवावयाची, तर [६४.५, ११५.६) आणि [११५.६, २०४.५) असे लिहावे लागेल.