कर्णनाद आणि चिंताशामक औषधे

रायपूरच्या समता कॉलोनीत राहणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, अशी कल्पना करावी. दिवसभर वाहनांची ये-जा, शेजारच्या कुकरची शिट्टी, मुलांचा गलका यांत त्यांचे बरे चालते. रात्री अकरानंतर सारे शांत होते, आणि तेव्हाच त्यांच्या उजव्या-डाव्या दोन्ही कानांत रातकिड्यांसारखा आवाज सुरू होतो. घरातील दुसऱ्या कोणासही तो ऐकू येत नाही. बाहेर ध्वनी नसताना ऐकू येणाऱ्या या आवाजास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्णिलेल्या अठ्ठावीस कर्णरोगांत त्याची गणना आहे. तेव्हा हा विकार केवळ यंत्रयुगाचा आहे असे मानावयाचे कारण नाही. यंत्रांनी व ध्वनिक्षेपकांनी त्यास नवी कारणे पुरविली, एवढे मात्र खरे.

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते व तीत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. ध्वनीचे कंपन याच पेशी मज्जातंतूंकडे पोचवितात. वार्धक्य, मोठा आवाज, तसेच स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनसारखी काही औषधे यांमुळे त्या नष्ट होतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. मेंदूस मिळणारा संदेश क्षीण झाला की तो आपली संवेदनक्षमता वाढवितो. दूरचे केंद्र नीट लागेना म्हणून रेडिओचा आवाज चढवावा आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसाच हा प्रकार होय.

परंतु आवाज ऐकू येणे आणि त्याने जीव नकोसा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५३ मध्ये हेलर व बर्गमन या संशोधकांनी चांगली श्रवणशक्ती असलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. तो आवाज ते बाहेर येताच विसरले असावेत. कारण त्याची त्यांना भीती वाटली नव्हती. १९९० मध्ये जास्त्रेबॉफ यांनी मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे, मेंदू या आवाजास संकटाची सूचना समजू लागला म्हणजे लक्ष सारखे तिकडेच जाते, लक्ष गेल्याने तो मोठा भासतो, आणि मोठा भासल्याने चिंता वाढते. कर्णनाद वाढत चालला अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ रोग्यांत वाढलेली असते ती ही चिंता.

चिंताशामक औषधांचा संबंध येतो तो येथे. क्लोरडायझेपॉक्साइड हे बेंझोडायझेपिन वर्गातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले व डायझेपाम १९६३ मध्ये; दोहोंचे श्रेय लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. अल्प्रॅझोलाम व क्लोनाझेपाम ही त्याच कुळातील. मेंदूत 'गाबा' नावाचे एक द्रव्य मज्जापेशींची उत्तेजना आवरून धरते. ही औषधे त्याचे कार्य अधिक प्रभावी करतात. पहिल्या काही रात्री झोप लागते, धास्ती ओसरते. १९९३ मध्ये अमेरिकेत ४० रोग्यांवर बारा आठवडे अल्प्रॅझोलामची चाचणी घेण्यात आली. औषध घेऊन चाचणी पूर्ण करणाऱ्या १७ जणांपैकी १३ जणांचा आवाज कमी झाला. नकली गोळी घेणाऱ्या १९ जणांपैकी एकाचाच. आकडे मोहक आहेत. पण रोगी थोडे होते, आणि गुंगी येऊ लागली की आपणास खरी गोळी मिळाली हे रोग्यास सहज कळू शकते. कर्णनादावर ही औषधे सरसकट देऊ नयेत, असा निर्देश अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये दिला.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी तीन-चार महिने रोज रात्री अल्प्रॅझोलाम घेतले. मग एका लग्नासाठी ते नागपूरला गेले आणि गोळ्या घरीच राहिल्या. या औषधाचा निम्मा अंश सुमारे अकरा तासांत शरीरातून नाहीसा होतो. दुसऱ्या रात्री झोप नाही, हातास कंप, भांड्याचा आवाजही असह्य, आणि कानातील नाद दुप्पट. परत येताच त्यांनी गोळी घेतली व तासाभरात बरे वाटले. गोळीनेच आवाज दबून राहिला होता, असा त्यांनी निष्कर्ष काढला. तो चुकीचा असण्याचा संभव फार मोठा आहे. सवय झालेले औषध एकाएकी तुटले म्हणजे ज्यांना पूर्वी कर्णनाद नव्हता अशांच्याही कानांत आवाज येऊ शकतो. औषधाच्या अभावाने जे उत्पन्न झाले तेच मूळ रोग म्हणून मोजले गेले, आणि मात्रा वाढविण्याचा मार्ग मोकळा झाला.

म्हणून औषध तडकाफडकी सोडावे, असे मात्र कोणी समजू नये. त्याने आकडी येऊन प्राणावरही बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने उतरवावी लागते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रोग्यांसाठी एक चिकित्सालय चालविले. तेथे रोग्यास सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर आणून मग मात्रा कमी करीत. वृद्धांना या गोळ्यांनी तोल जाण्याचा व विस्मृतीचा धोका असतो. मद्यासह त्या घेतल्यास श्वसन मंदावते. अल्प्रॅझोलाम व डायझेपामच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी, असा नियम भारतात २०१४ पासून आहे. तरीही शेजाऱ्याच्या डबीतून दोन गोळ्या मागून आणणारे आढळतात. साखर मागण्याइतके ते निरुपद्रवी नव्हे.

अत्यंत घबराट व निद्रानाश असता, थांबण्याची तारीख आधी ठरवून, थोडे दिवस ही औषधे देण्यास जागा आहे. त्यापूर्वी कान तपासला पाहिजे. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, किंवा अचानक आलेला बहिरेपणा यांत विलंब करू नये. टाटीबंध येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत कान-नाक-घसा व मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत, आणि या विकारात दोहोंचे काम पडते. श्रवणयंत्राने बाहेरचे ध्वनी परत आले की आतला आवाज मागे पडतो. भीतीचा विचार बदलण्यास शिकविणाऱ्या मानसोपचाराने त्रास कमी होतो. निराशा जिवावर उठल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येते.

रायपूरच्या उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत अशा रोग्यास झोप येते. कूलर बंद झाला की कर्णनाद वाढल्यासारखा वाटतो. तेव्हा थंडीतही मंद पंखा चालू ठेवावा, अगदी निःशब्द खोली टाळावी. विसर्जनाच्या मिरवणुकीत कानांत बोळे घालणे योग्यच. घरी ते काढावेत. आणि डॉक्टरांकडे जाताना एक लहानशी वही न्यावी. तीत एका बाजूस आवाज वाढल्याच्या तारखा असाव्यात, दुसऱ्या बाजूस गोळी चुकल्याच्या.