रेषेबाहेरची शिस्त : शालेय फुटबॉल आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी

पावसाळा मध्यावर आला की तासगाव तालुक्यातील शाळांना क्रीडास्पर्धांचे वेध लागतात. कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे या भागाचे जुने खेळ होत. त्यांच्या जोडीला फुटबॉलही शालेय स्पर्धांत खेळला जातो. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत या स्पर्धा होतात. वरच्या पायरीवरील यशाला दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडागुणांची जोड मिळते. साहजिकच मैदानाच्या कडेला पालकांची गर्दी वाढते आणि गर्दीबरोबर आवाजही वाढतो.

हा आवाज उत्तेजनाचा असेल तोवर त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ‘पाड त्याला’, ‘पंच त्यांच्याच बाजूचा आहे’, ‘तुला काही जमायचे नाही’ असे उद्गार जेव्हा शिक्षकांच्या आणि पालकांच्या तोंडून निघतात, तेव्हा मैदानावरची मुले त्यातूनही एक धडा घेत असतात. खिलाडूवृत्तीवरील भाषण मूल विसरते. कडेला उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांचे वर्तन मात्र ते विसरत नाही.

आरडाओरडीचे दुष्परिणाम

फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी आल्यावर तो पुढे न्यावा, सहकाऱ्याकडे द्यावा की गोलाच्या दिशेने मारावा, हे खेळाडूला क्षणार्धात ठरवावे लागते. हा निर्णय स्वतः घेण्याची सवय लावणे हेच लहान वयातील प्रशिक्षणाचे मुख्य काम होय. एका बाजूने गुरुजी आणि दुसऱ्या बाजूने वडील सूचना देऊ लागले, म्हणजे मूल चेंडूकडे पाहण्याऐवजी कडेला पाहू लागते. चूक होण्याची भीती वाढते आणि खेळातील आनंद ओसरतो.

दुसरा परिणाम पंचांवर होतो. शालेय सामन्यांत पंचाचे काम पुष्कळदा एखादे क्रीडाशिक्षकच करीत असतात. ऑफसाइडचेच उदाहरण घेऊ. हा निर्णय सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी खेळाडू कोठे होता, यावर अवलंबून असतो. कडेवरच्या माणसाची नजर तर चेंडूमागे धावत असते. त्यामुळे त्याला दिसलेले दृश्य आणि नियमाला अपेक्षित असलेले दृश्य यांत अंतर पडते. हे ज्याला ठाऊक नाही, तोच अधिक मोठ्याने ओरडतो.

नियम काय सांगतो

खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाशी संबंधित घटनांबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो. संघाच्या बाकांजवळील आखलेल्या जागेतून एका वेळी एकाच व्यक्तीने खेळाडूंना सूचना द्याव्यात, असेही बंधन आहे. २०१९ पासून प्रशिक्षक व संघाधिकारी यांनाही पिवळे किंवा लाल कार्ड दाखविता येते. आखलेल्या जागेतून गैरवर्तन झाले आणि दोषी व्यक्ती ओळखता आली नाही, तर ते कार्ड तेथे उपस्थित असलेल्या ज्येष्ठ प्रशिक्षकाला मिळते. आपल्या बाकावरील वर्तनाची जबाबदारी प्रशिक्षकाचीच, हे तत्त्व त्यामागे आहे.

शेजारचा आणि घरचा अनुभव

शेजारच्या कोल्हापुरात तालमींनी फुटबॉल जोपासला. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाकडून खेळला. त्याच कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने सामन्यांना गालबोट लागल्याचे प्रसंगही घडले आहेत. कुस्तीही याला अपवाद राहिली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णयावरून वाद होऊन पंचाला लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. जत्रेच्या मैदानात कुस्तीपूर्वी तांबडी माती कपाळी लावून हात मिळविण्याची आपली रीत आहे. तिचा विसर पडणे कोणालाच भूषणावह नाही.

याचा अर्थ कडेवरच्या माणसाने मुकाट राहावे असा नाही. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे एक दीर्घ लढत संपताच त्यांना पुढच्या लढतीस उभे राहावे लागले. दोन लढतींमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती नियमाने देय होती. परंतु ती मागण्यासाठी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. नियम जाणणे आणि खेळाडूचा हक्क योग्य वेळी, योग्य शब्दांत मागणे हेच मार्गदर्शकाचे खरे काम आहे. आरडाओरड करून ते साधत नाही.

काय करता येईल

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ साली पंचांचा आदर राखण्यासाठी मोहीम सुरू केली आणि मुलांच्या सामन्यांत प्रेक्षकांसाठी वेगळी रेषा आखण्याचा आग्रह धरला. ही गोष्ट आपल्याकडे फक्कीच्या एका पोत्यात होण्यासारखी आहे. स्पर्शरेषेपासून दोन-तीन मीटरवर दुसरी रेषा आखावी व पालकांना तिच्यामागे, संघांच्या बाकांसमोरील बाजूस उभे करावे. सामन्यापूर्वी मुख्याध्यापकांनी पालकांशी दहा मिनिटे बोलावे. टाळ्या दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला द्याव्यात. सूचना मात्र प्रशिक्षकावर सोपवाव्यात. तक्रार असल्यास ती संघव्यवस्थापकाने सामन्यानंतर लेखी द्यावी. निकाल काहीही लागो, दोन्ही संघांनी एकमेकांशी व पंचांशी हस्तांदोलन करूनच मैदान सोडावे. ग्रामपंचायतीने बक्षीस ठेवताना विजेत्या संघाबरोबरच उत्तम वर्तनाच्या संघाचाही विचार करावा.

सर्वांत कठीण प्रसंग प्रशिक्षकापुढे येतो. संघातील सर्वोत्तम खेळाडूने पंचाला अपशब्द वापरला, तर पंचाने कार्ड दाखविण्याची वाट न पाहता त्याला बाहेर बसवावे लागेल. त्याने सामना हातचा जाईल, कदाचित क्रीडागुणही जातील आणि पालक रोष धरतील. अशा वेळी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि सरपंच यांनी त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. असा पाठिंबा मिळाला, तरच पुढच्या सामन्यात रेषेबाहेरची शिस्त टिकेल.