पोपट घरी एकटा : खर्च कशावर करावा, कशावर नको

नवरा-बायको दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बंद फ्लॅटमध्ये एकटा पक्षी. हैदराबादच्या नारायणगुडा, हिमायतनगर, बरकतपुरा, काचीगुडा या पट्ट्यात अशी घरं आता भरपूर आहेत. काही दिवसांनी तो पक्षी ओरडून शेजाऱ्यांना हैराण करतो, नाहीतर गप्प होतो आणि स्वतःची पिसं उपटायला लागतो. मग घरचे लोक आरसा, घंटा, प्लास्टिकची रंगीत खेळणी आणतात. या वस्तूंवरचे पैसे बहुतेक वायाच जातात. एकटेपणावरचे खरे उपाय स्वस्त आहेत, पण त्यांना रोज वेळ द्यावा लागतो.

आधी कायद्याचं. लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा राघू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. तो विकत घेणं आणि पाळणं, दोन्ही गुन्हा आहे. चारमिनारजवळच्या मुर्गी चौकात किंवा आणखी कुठे कोणी पिल्लू देऊ केलं तर घेऊ नका. घरात आधीपासून असेल तर वन विभागाशी बोला. परस्पर उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर खाणं शोधता येत नाही. पाळता येतात ते बजरीगर (दुकानदार सर्रास यांनाच ‘लव्हबर्ड’ म्हणतात) आणि कॉकॅटिलसारखे परदेशी जातीचे पक्षी. आफ्रिकन ग्रे, मकाव, कॉन्यूर घेणार असाल तर केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

पोपटाच्या जातीचे बहुतेक पक्षी थव्यात राहणारे. थव्यातला एक दिसेनासा झाला की बाकीचे हाक मारतात, तोही उलट हाक देतो. तुम्ही दार ओढून घेता तेव्हा तुमचा पक्षी तेच करत असतो, आणि उत्तर येत नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आफ्रिकन ग्रे पोपट तपासले. एकट्याने राहणाऱ्यांच्या गुणसूत्रांची टोकं जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड निघाली. एकटेपणाचा परिणाम पेशींपर्यंत पोहोचतो.

आता पैशांकडे वळू. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक फरक पडेल. सगळ्यात मोठा खर्च पिंजऱ्यावर करा आणि तिथे हात आखडू नका. कॉकॅटिलसाठी लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी किमान दोन फूट हवी, गजांत साधारण अर्ध्या इंचाचं अंतर हवं. असा पावडर कोटिंगचा पिंजरा ३,००० ते ५,००० रुपयांत येतो. जस्ताचा मुलामा सुटणारा स्वस्त पिंजरा नको, पक्षी गज चावतो आणि जस्त पोटात जातं. सोबत मिळणाऱ्या गुळगुळीत दांड्या काढून टाका. औषध न फवारलेल्या पेरूच्या जाड-बारीक फांद्या धुऊन, वाळवून लावा. त्या फुकट मिळतात आणि दिवसभर सोलायला साल मिळते.

एकटेपणावरचा सर्वांत गुणकारी उपाय रद्दीच्या पेटीत पडलेला असतो. रानात पोपटाचा दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात जातो. पिंजऱ्यातलं भांडं तो पंधरा मिनिटांत संपवतो, आणि मग पुढे जवळपास दहा तास काय करायचं? म्हणून सकाळी भांड्यात निम्मंच खाणं ठेवा. उरलेलं शाई नसलेल्या कागदाच्या पुड्यांत बांधा. मूठभर राळे (इथल्या किराणा दुकानात ‘कोर्रलु’ म्हणून मागा, किलोला शंभर रुपयांच्या आसपास) कागदात ठेवून टोकं पिळली की पुडी तयार. पहिल्या दिवशी पुडी अर्धी उघडी ठेवा, दाणे दिसले पाहिजेत. पक्षी लांबून मान वाकडी करून बघेल, एकदा चोच मारून मागे सरेल. चार-सहा दिवसांत घट्ट पुड्या चराचरा फाडायला लागेल. मग त्या गजांत खोचा, फांदीला टांगा, कोथिंबिरीच्या जुडीत लपवा. दाणे, पालेभाजी, गाजर धरून महिन्याला ४०० ते ६०० रुपये पुरतात. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया मात्र देऊ नका, आणि अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी कधीच नको.

दुसरा उपाय फक्त सवयीचा आहे. किल्ल्यांचा आवाज झाला की पक्ष्याला कळतं, आता हे जाणार. सुट्टीच्या दिवशी किल्ल्या उचला आणि परत खुर्चीत बसा. मग दाराबाहेर एक मिनिट, पुढे पाच, मग वीस. तो शांत असताना परत या, ओरडत असताना आलात तर ओरडल्यावर माणूस येतो हेच तो शिकेल. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास त्याला पिंजऱ्याबाहेर तुमच्यासोबत राहू द्या. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि नॉनस्टिक तवा गॅसवर नको, तापलेल्या तव्याची वाफ पक्ष्याचा जीव घेते.

वायफाय कॅमेरा दीड-दोन हजारांत येतो. पहिले पंधरा दिवस पक्षी नेमका कधी ओरडतो ते त्यात कळतं, म्हणून घ्यावा. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये १८ पोपटांना घंटा वाजवून दुसऱ्या पोपटाला व्हिडिओ कॉल मागायला शिकवलं. पक्ष्यांना ते आवडलं, पण मालक सतत शेजारी होते. रिकाम्या घरात नुसता टीव्ही लावून ठेवणं म्हणजे तसली सोबत नव्हे.

दुसरा पक्षी आणावा का? घर रोज दहा तास रिकामं राहणार असेल तर बजरीगर किंवा कॉकॅटिल जोडीनेच पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र नव्याला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे दुसरा पिंजरा आणि दुसरी तपासणी आलीच.

डॉक्टरांसाठी खासगी दवाखान्यात एका भेटीला ५०० ते १,००० रुपये धरा. नारायणगुड्यातच सरकारी सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, तिथे पक्षी कोण तपासतं हे आधी विचारून जा. राजेंद्रनगरला पशुवैद्यकीय विद्यापीठही आहे. पिसं छाती-पोटावरची गेली असतील आणि डोक्यावरची शाबूत असतील तर तो स्वतःच उपटतोय, कारण डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही. तरी एकटेपणाचा ठपका लगेच ठेवू नका, त्वचेचा किंवा पोटातला आजारही असू शकतो. चारेकशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. कॉकॅटिल ८० ते १०० ग्रॅमचा असतो, वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

म्हणजे पिंजरा, काटा, पहिली तपासणी, खाणं मिळून पहिल्या महिन्यात साधारण सव्वाचार ते सात हजार, कॅमेऱ्यासह नऊपर्यंत.

उन्हाळ्यात पिंजरा बाल्कनीत ठेवून जाऊ नका, ऊन आणि मांजर दोन्ही घात करतात. दिवाळीच्या फटाक्यांत आतली खोली, पडदा, आणि रात्री मंद दिवा; कॉकॅटिल अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतो. देवगिरी एक्सप्रेसने नांदेडला आठ दिवस जाणार असाल तर पक्ष्याला रेल्वेत नेण्यापेक्षा ओळखीच्या शेजाऱ्याकडे ठेवा. ते जमत नसेल तर पैसे घेऊन पक्षी सांभाळणारे दिवसाला १५० ते ३०० रुपये घेतात. आधी एका शनिवार-रविवारी ठेवून बघा, आणि सोबत त्याचे नेहमीचे दाणे, बांधलेल्या पुड्या, आदल्या दिवशीचं वजन आणि डॉक्टरांचा नंबर द्या.