धैर्य : आयकाऊ कुटुंबाची गोष्ट



चार मूलभूत सद्गुणांपैकी विवेक आणि न्याय यांचा अभ्यास आपण मागील दोन रविवारी केला. आज धैर्य. धैर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सैनिक किंवा रक्तसाक्षी उभे राहतात. आम्ही मात्र आज सर्फिंग करणारे एक कुटुंब निवडले आहे. कारण संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याची जी दोन अंगे वेगळी करून दाखविली, ती दोन्ही या एकाच घरात आढळतात.

सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून उसळत्या लाटेवरून घसरत येणे. हवाई बेटांवर हा खेळ शेकडो वर्षांचा जुना. आयकाऊ हे तिथलेच मूळ हवाईयन कुटुंब. आईवडील, पाच मुलगे आणि एक मुलगी. 1959 मध्ये माउई बेट सोडून ते ओआहू बेटावर आले आणि एका चिनी दफनभूमीची देखभाल करीत तिथेच राहू लागले. मुले समुद्रावर वाढली. त्यांपैकी एडी हा 1968 पासून ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक झाला. तिथल्या वायमेया उपसागरात हिवाळ्यात दोन-तीन मजली घराएवढ्या लाटा उठतात. इतरांनी पाण्यात पाय घालू नये अशा दिवशी एडी फळी घेऊन आत जाई. त्याने पाचशेहून अधिक लोकांना वाचविले असे सांगतात.

या घरावर पहिला घाव 1973 मध्ये बसला. व्हिएतनामच्या युद्धातून सुखरूप परतलेला भाऊ जेराल्ड मोटार अपघातात गेला. युद्धाने सोडले आणि रस्त्याने नेले, हे एडीला फार लागले.

पाच वर्षांनी दुसरा घाव. पूर्वजांच्या पद्धतीची 'होकुलेआ' नावाची जोडनाव ताहिती बेटाकडे निघणार होती. आधुनिक उपकरणे न वापरता, ताऱ्यांच्या आधाराने. एडी तिच्या सोळा जणांपैकी एक होता. 16 मार्च 1978 च्या संध्याकाळी, हवा वाईट असताना, नाव निघाली. सोबत दुसरे जहाज नव्हते. रात्री एका बाजूच्या नावेत पाणी भरले आणि मध्यरात्रीच्या सुमारास जोडनाव उलटली. पहाटेपर्यंत सारे उलट्या नावेला धरून होते. वरून विमाने गेली, कुणाला काही दिसले नाही. वाऱ्याने नाव जमिनीपासून आणखी दूर चालली होती.

सकाळी एडीने कप्तानापाशी परवानगी मागितली : मी फळीवरून लानाई बेटाकडे जातो, मदत आणतो. कप्तान आधी तयार नव्हता. चर्चा झाली, मग त्याने होकार दिला. फळीवर पालथे पडून हात मारताना जीवरक्षक जाकीट आड येते, म्हणून थोडे पुढे गेल्यावर एडीने ते काढले. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. वय होते 31. त्याच रात्री एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाला नावेवरून सोडलेला अग्निबाण दिसला आणि उरलेले पंधराही जण वाचले. एडीसाठी समुद्र व आकाश दोन्हींकडून मोठा शोध झाला. देह मिळाला नाही.

मग त्याचे जाणे वाया गेले का? थांबला असता तर वाचला असता, हे खरे. पण हा हिशेब संध्याकाळचा आहे, निर्णय सकाळचा होता. सकाळी अग्निबाण दिसेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हते. हे काम जमण्यासारखे माणूस त्या सोळांत एकच होते आणि त्याने कप्तानाला विचारून पाऊल टाकले. यास आम्ही अविचार म्हणत नाही. अविचार होता तो आदल्या संध्याकाळी, वाईट हवेत, सोबतीच्या जहाजाविना निघण्यात. तो धडा पुढे शिकला गेला. 1980 मध्ये 'होकुलेआ' ताहितीला जाऊन आली, ती सोबतीचे जहाज घेऊन.

आता अक्वायनस यांच्याकडे वळू. चाल करून जाणे हे धैर्याचे एक अंग, आणि सोसत टिकून राहणे हे दुसरे. यांत सोसणे श्रेष्ठ, असे ते म्हणतात आणि कारणेही देतात. सोसणाऱ्यासमोर त्याच्याहून बलवान शक्ती असते. चाल करणाऱ्याला संकट अजून पुढे असते, सोसणाऱ्यावर ते आलेले असते. शिवाय चाल क्षणात होते, सोसणे लांबत जाते. ही कारणे वाचताना आमच्या मनात एडीपेक्षा त्याची आई येते. आयुष्यभर दुसऱ्यांची थडगी सांभाळलेल्या घराला स्वतःच्या मुलाचे थडगे मिळाले नाही. देह नसला की मन दाराकडेच राहते. आपल्याकडचा कायदाही बेपत्ता माणसाला मृत मानण्याआधी सात वर्षे थांबतो. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धाकटा भाऊ क्लाईड पुन्हा त्याच पाण्यात उतरला. एडीच्या नावाने वायमेयाला स्पर्धा भरू लागली. तिथली पहिली, 1986-87 च्या हंगामातली, क्लाईडनेच जिंकली. त्या दिवशी पाण्यात दोन कासवे दिसली, ती एडी आणि जेराल्ड आहेत असे वाटले, असे तो पुढे सांगे. मृतात्मे कासवांत येत नाहीत ही आपली शिकवण आहे. पण शोकात असलेल्या भावाशी यावर वाद घालायला आम्ही जाणार नाही. 2016 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी, तो त्या स्पर्धेत शेवटचा उतरला आणि 2025 च्या मे महिन्यात वारला. 2023 ची स्पर्धा जिंकली ती ल्यूक शेपर्डसन या जीवरक्षकाने. त्या दिवशी तो कामावर होता. लाटा घेऊन झाल्या की पुन्हा आपल्या मनोऱ्यावर जाऊन बसे.

नोव्हेंबरमध्ये दफनभूमीतील प्रार्थनेसाठी मृतांची नावे आपण कार्यालयात देतो. ज्यांच्या घरचे माणूस समुद्रात गेले आणि परत मिळाले नाही, अशी काही घरे थडगे नाही म्हणून नाव देत नाहीत, असे आमच्या कानावर आले आहे. त्यांनी नाव अवश्य द्यावे. अर्जावरील थडग्याच्या क्रमांकाची जागा रिकामी ठेवली तरी चालेल.

पुढील रविवारी : संयम.