आधी मूळ, मग उजेड

मनू, तुळस जगेल. मोगराही जगेल. पुदिन्याची तर काळजीच करू नकोस. पण एडमंटनला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा, ऊन तिरकं, आणि तुझं घर बेसमेंटमधलं. त्याच दिवसांत पुण्यात अकरा तास लख्ख उजेड असतो. तेव्हा खिडकीच्या भरवशावर राहू नकोस, दिवा लावावाच लागेल. आणि कुंडीतलं मोठं झाड विकत आणण्यापेक्षा कुणाच्या तरी घरची फांदी आणून लाव. ते स्वस्त पडतं, आणि फांदी मुळापासूनच तुझ्या दिव्याखाली वाढली की तिला त्या घराची सवय होते. नर्सरीच्या काचघरातून आलेलं झाड बेसमेंटमध्ये आठवड्याभरात पानं टाकतं आणि नवी पोरगी रडकुंडीला येते.

फांदी लावणं आपल्याला नवं नाही गं. ऊस कुणी बी पेरून लावतं का? दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी टाकली की उगवतो, आणि तो अगदी मूळच्या उसासारखाच असतो. मोगऱ्याला बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल, तोही फांदीवरूनच घरोघर पोचलाय. जसं मूळ झाड तसं नवं झाड, गुणांनीही आणि रोगानेही. म्हणून फांदी घेताना संकोच करू नकोस, झाड नीट निरखून घे. पानं उलटी करून बघ. मागे बारीक जाळी असेल, चिकट असेल, पान पिवळं ठिपकेदार असेल तर काकू कितीही प्रेमाने देत असल्या तरी ती फांदी घरी नेऊ नकोस.

आणि हो, आईच्या कुंडीतला कढीपत्ता ओल्या रुमालात गुंडाळून बॅगेत घालू नकोस. मन होतं, मला ठाऊक आहे. पण परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना परदेशातून रोप किंवा फांदी कॅनडात आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्याच कुळातला आहे. नागपूरच्या संत्र्याच्या बागांना छळणारी सायला कीड त्याच्यावरही पोसली जाते, आणि तीच संत्र्यांचा ग्रीनिंग रोग पसरवते. नियम उगाच केलेला नाही. तिथल्याच मराठी मंडळातल्या कुणाकडे तरी हे सगळं मिळेल, विचारून बघ.

दिवा घ्यायला दुकानात जाशील तेव्हा एक गोष्ट आधीच कानावर असू दे. घरातल्या लागवडीचं सामान विकणाऱ्या दुकानांत 'क्लोन' (म्हणजे अशीच फांदीवरून केलेली रोपं), 'क्लोन ट्रे' असं लिहिलेलं दिसेल, आणि ते बहुतेक गांज्याच्या रोपांसाठी असतं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. तुझ्या अल्बर्टासकट बहुतेक प्रांतांत सज्ञान माणसाला घरटी चार रोपं लावता येतात, क्यूबेकमध्ये मात्र घरी लावायला बंदी आहे. घरमालक भाडेकरूला मनाई करू शकतो, आणि देशाच्या हद्दीपलीकडे ते काहीही नेणं हा तिथेही गुन्हाच. भारतात तर अंमली पदार्थांविरोधातल्या एनडीपीएस कायद्यामुळे १९८५ पासून परवान्याशिवाय लागवड करणं म्हणजे सरळ तुरुंग. तू त्या वाटेला जाऊ नकोस, असं तुझी ताई म्हणून सांगते. पण त्या दुकानात जायला लाजू नकोस. तुळस-मोगऱ्यासाठी हवंय असं सांग आणि हवं तेवढंच घे. दिवा, टायमर, झाकणाचा ट्रे हे सगळ्या झाडांना सारखंच लागतं.

आता दिव्याचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१००० वॅट' लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नकोस. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत प्रत्यक्ष किती वीज खातो ते असतं, तो आकडा खरा. तुझ्या एका फळीला, म्हणजे साधारण दोन फूट बाय एक फूट जागेला, तीस-चाळीस वॅटचा पांढरा एलईडी पुष्कळ झाला. जांभळ्या उजेडाचे दिवे मिळतात, ते मला अजिबात आवडत नाहीत. झाड त्यातही वाढतं, पण पान पिवळं पडलंय की करपलंय तेच त्या उजेडात दिसत नाही. शिवाय एका खोलीच्या घरात रोज संध्याकाळी जांभळ्या उजेडात बसायचं म्हणजे जीव कोंडतो. चाळीस वॅटचा दिवा रोज सोळा तास लावलास तर महिन्याला वीसेक युनिट जातील. एवढी वीज तुला परवडेल.

किती उजेड पुरतो हे डोळ्याला कळत नाही, इथेच सगळे फसतात. आपल्याला लख्ख वाटणारी खोली रात्री दोन-तीनशे लक्सची असते. नुकत्याच लावलेल्या फांदीला साधारण सहा-सात हजार लक्स हवेत, आणि मुळं धरलेल्या तुळशीला पंधरा हजारांच्या वर. मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप घे. अगदी अचूक नसलं तरी अंदाज देतं. दिवा थोडा वर-खाली केलास तरी आकडा केवढा बदलतो ते स्वतःच बघ. साधारण हिशेब असा, की सुरुवातीला दिवा फांदीपासून दीड फूट वर ठेवायचा आणि मुळं धरल्यावर फूटभर, पुढे त्याहूनही खाली आणायचा. टायमर चौदा ते सोळा तासांवर लाव आणि रात्री अंधार होऊ दे. चोवीस तास दिवा लावून झाड दुप्पट वाढत नाही.

शेवंती लावायची झाली तर मात्र मला आधी विचार. ती रात्रीची लांबी मोजून कळ्या धरते. म्हणून पॉलिहाऊसवाले फांद्या हव्या असतात तेव्हा रात्री मध्येच दिवे लावून तिला फुलू देत नाहीत, आणि फुलं हवी असतात तेव्हा काळं कापड ओढून अंधार करतात. तुळस इतकी हिशेबी नाही.

फांदी कापायची कशी ते नीट ऐक, कारण अर्धं यश तिथेच आहे. मंजिऱ्या आलेला शेंडा घेऊ नकोस, फुलण्यात गुंतलेली फांदी मुळं धरायला आळस करते. कोवळी लुसलुशीतही नको आणि तपकिरी लाकूड झालेलीही नको, मधली घे. चार बोटं लांब पुरे. ब्लेड स्पिरिटने पुसून घे, कात्री शक्यतो नको, ती देठ चेमटवते. पान जिथून फुटतं त्या पेराच्या अगदी खाली, एका झटक्यात, तिरका काप दे. खालच्या पेरांवरची पानं काढून टाक आणि वर दोन-चारच ठेव. पानं मोठी असतील तर अर्धी कापून टाक, निर्दयपणा वाटला तरी. कारण असं बघ, पान वाफेतून पाणी सोडत राहतं आणि पाणी ओढायला खाली मूळच नाही. पण सगळीच पानं काढलीस तरी फांदी मरेल, कारण मुळं फुटायला लागणारी साखर पानच बनवतं. मुळं फुटा असं सांगणारं ऑक्झिन शेंड्याकडून खाली उतरतं आणि कापाशी साठतं. म्हणून फांदी उलटी लावली तर रुजत नाही. बाजारात मुळं फुटायची पावडर मिळते, त्यात हेच काम करणारं संप्रेरक असतं. तुळस-पुदिन्याला तिची गरज नाही, मोगऱ्याला मात्र चिमूटभर लाव. दालचिनी लावतात म्हणून कुणी सांगेल. ती थोडीफार बुरशी रोखते, मुळं फोडत नाही.

पुदिना आणि तुळस साध्या पाण्यातही रुजतात. काचेच्या पेल्यात दोन पेरं बुडतील एवढं पाणी घे आणि दोन दिवसांनी बदलत जा. आठवड्याभरात पेराजवळ साबुदाण्याहून बारीक पांढरे फुगवटे दिसतील, मग त्यातून केसासारखी मुळं निघतील. ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की लगेच मातीत लाव, पाण्यात लांबच लांब वाढू देऊ नकोस. पाण्यात वाढलेली मुळं मातीत गेल्यावर रुसतात. मोगरा थेट कोकोपीट आणि परलाइटमध्ये लाव, दोन्ही सारखी घेऊन. कोकोपीट आधी भिजवून मुठीत पिळ. थेंब गळला नाही आणि मूठ ओली झाली की बरोबर. बागेतली काळी माती किंवा शेणखत आत्ता नकोच. फांदीला अजून खाता येत नाही, खत दिलंस तर कुजेल.

तिथल्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा पार कोरडी होते. तुझे ओठ फुटतात ना, तीच हवा फांदीचंही पाणी ओढते. म्हणून तिच्यावर झाकण हवं. मिठाईचा पारदर्शक डबा, कापलेली बाटली, काहीही चालेल. आतून दव धरलेलं दिसलं पाहिजे. दिवसातून एकदा दोन मिनिटं उघडून हवा बदल, नाहीतर बुरशी धरेल. खिडकीच्या कठड्यावर ठेवू नकोस, काचेजवळ रात्री गारठा असतो. खालून ऊब मिळाली तर मुळं लवकर फुटतात, बावीस ते पंचवीस अंश म्हणजे उत्तम. फ्रिजच्या वर जागा असेल तर तिथे पसाभर ऊब असते, तीही चालेल.

मनू, यानंतरचं काम सगळ्यात अवघड, आणि तुझा स्वभाव बघता मला त्याचीच धास्ती आहे. हात आवर. फांद्या मरतात त्या दुर्लक्षाने कमी आणि मायेने जास्त. रोज उपटून बघायचं, पान मलूल दिसलं की पाणी घालायचं, वाढत नाही म्हणून दिवा खाली आणायचा, खत घालायचं, हे सगळं मूळ येण्याआधी केलं की फांदी जाते. मूळ नसलेल्या फांदीवर जास्त उजेड पाडला तर पान कामाला लागतं आणि पाणी मागतं, ते पाणी द्यायला खाली कुणी नाही. तुळशीला दीड-दोन आठवडे दे, मोगऱ्याला महिना-दीड महिना दे. पहिल्या दिवशी थोडी मान टाकली तर घाबरू नकोस. देठ काळा पडून मऊ झाला तरच फेकून दे, आणि बाजूच्या फांद्यांना लागू नये म्हणून लगेच फेक. मुळं आलीत का हे बघायचं असेल तर फांदी दोन बोटांत धरून हलकेच ओढ. तिने धरून ठेवलं की आली समज. आणि एकच फांदी कधी लावू नकोस, चार-पाच लाव. एखादी जाणारच, त्याचं मनाला लावून घ्यायचं नाही.

मूळ धरलं की झाकण एकदम काढू नकोस. आठवडाभर रोज थोडं जास्त उघडत जा, मग छोट्या कुंडीत हलव. कुंडीच्या तळाला भोक हवंच. खत तेव्हापासून, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्शाने. पाणी बशीत घालून खालून पिऊ दे, माती वरून कोरडी राहिली की ती बारीक काळी चिलटं होत नाहीत. झालीच तर पिवळे चिकट सापळे खोच. हिवाळ्यात खरा शत्रू लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो आणि पानामागे जाळी विणतो. दर आठवड्याला पानं मागून पुढून पाण्याखाली धुवायची, हाच साधा इलाज. छोटा पंखा हळू लावलास तर देठही मजबूत होतात.

विजेचं एकच सांगते, पण ते विसरू नकोस. प्लग आणि टायमर कुंडीच्या पातळीच्या वर असू देत, आणि वायर आधी खाली झोल देऊन मग प्लगकडे वळव, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून खाली टपकेल, प्लगपर्यंत जाणार नाही. ओल्या हाताने काहीही काढू-घालू नकोस. बेसमेंटमध्ये ओल धरतेच, त्यामुळे घरमालकाला आधी सांगून ठेव.

तुळस उन्हाळ्यात बाहेर काढलीस तर रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायच्या आत घरात घे, नाहीतर पानं काळी पडतील. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच चार फांद्या कापून दिव्याखाली लाव. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला तुझ्याकडे हिरवी तुळस असेल, आणि मूळ झाड गेलंच तरी त्याच जातीची दुसरी हाताशी राहील. कढीपत्त्याचा मात्र आत्ता हट्ट धरू नकोस. फांदीवरून तो फार कमी रुजतो. ताज्या बियांवरून किंवा मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेल्या पिल्लावरून करतात, आणि घरात त्याला फार वेळ लागतो. दोन वर्षांनी हात बसला की बघू.

सुरुवात पुदिन्याने कर. इंडियन ग्रोसरीतली जुडी आण, त्यातल्या जाड देठाच्या पाच काड्या निवडून पाण्यात घाल, बाकीची चटणी वाट. दिव्याबरोबर टायमरही त्याच दिवशी आण, मागाहून घेऊ म्हणू नकोस. आणि पाणी बदलण्यापलीकडे आठवडाभर पेल्याला हात लावायचा नाही, एवढं माझं ऐक.